छप्पर वाढवू नये

१२ फेब्रुवारी

भावजी,
सा. न. वि. वि.

तुमच्या कारखान्याकडे मी गेल्या महिन्यात एका कॅम्परव्हॅनची ऑर्डर दिली. सोबत नकाशा दिला होता. तो काल परत आला. त्यात कोणीतरी लाल पेन्सिलीने छप्पर नऊ इंच वर चढवलं आहे आणि बाजूला शेरा मारला आहे : "गिऱ्हाईक अडाणी दिसतं. आत माणूस उभा कसा राहणार?" म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. एरवी तुम्हाला पत्र लिहिण्याची मला हौस नव्हती.

ते अडाणी गिऱ्हाईक मी आहे. ऑर्डर माहेरच्या नावाने दिली आहे. तुमच्या घरात मी 'मास्तरीण' आणि 'बुटकी' या दोनच नावांनी नांदले, तेव्हा तुम्ही ओळखलं नाही यात नवल नाही. ऑफिसात बसणाऱ्या तुमच्या लेकीने ओळखलं, पण गप्प राहा अशी मीच तिला ताकीद दिली होती. तिला रागावू नका.

लाल पेन्सिल कोणाची, हे मला विचारावं लागत नाही. मी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. नकाशात चूक असेल तर ती दाखवा, स्वतःची आवडनिवड दाखवू नका. मी चार फूट अकरा इंच आहे. गाडी मला हवी आहे. स्वच्छ प्रत सोबत पुन्हा जोडली आहे. तिच्या तळाशी एक ओळ वाढवली आहे, ती नीट वाचा : छप्पर वाढवू नये.

धाकट्याची बायको


१९ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं, सांगायचं नाही का! धाकटा गेला, तू घर सोडलंस, दोन वर्षांत तोंड दाखवलं नाहीस, आणि आता मागच्या दाराने गिऱ्हाईक होऊन येतेस? 'अडाणी' हा शब्द मागे घेतो. तुला अडाणी म्हणायची माझी काय बिशाद.

तुझ्या जावेला सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, "या वयात गाडी? तिला साधी सायकल येत नव्हती!" मी म्हटलं, येत नव्हती म्हणूनच चार चाकांची मागतेय. रागावू नकोस, थट्टेने म्हटलं.

आता कामाचं. घरच्या माणसाची कसली ऑर्डर? एक पैसाही घेणार नाही. पण माझं ऐक. हा धंदा मी चाळीस वर्षं करतोय. इतकं बुटकं छप्पर म्हणजे कोंबड्यांचा खुराडा. उद्या विकायला काढलीस तर कोणी विचारणार नाही. मला तर आत गुडघ्यांवर चालावं लागेल. दुसरं म्हणजे एकटीला दोन पलंग कशाला? एक काढतो, तिथे उभं कपाट देतो. साड्या चुरगळणार नाहीत.

बाकी नकाशात शहाणपण बरंच आहे हो. ओट्याची आणि खिडकीची जागा छान बसवली आहे. कोणी काढून दिला?

तुझा भावजी


२३ फेब्रुवारी

भावजी,
सा. न. वि. वि.

"कोणी काढून दिला?" ही ओळ वाचली आणि पत्र घडी करून डब्यात ठेवलं. मग वाटलं, बरं झालं. ओळखलं असतंत तर मला इतकं लिहावं लागलं नसतं, आणि मला लिहायचं आहे.

हा नकाशा तुमच्या धाकट्या भावाचा आहे. मूळ कागद ह्यांनी बांधलेल्या गाडीबरोबर गेला. मी तो आठवणीतून काढला आहे. मोजताना टेपचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं, त्यामुळे काही विसरले नाही.

शेडच्या मागच्या कोपऱ्यात, चार वर्षं, दर रविवारी ह्यांनी ती गाडी बांधली. आठवडाभर तुमच्यासाठी इतरांच्या गाड्या रंगवल्या आणि रविवारी आमच्यासाठी ही. सुरुवात का झाली, तेही सांगते. तुम्ही घरात स्वयंपाकाचा नवा ओटा घातलात, जाऊबाईंच्या कोपराच्या मापाने. मी स्टुलावर चढून पोळ्या लाटायची. दोन-चार इंच खाली घ्या, अशी मी विनंती केली. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "ओट्याला पाय नसतात. तूच उंच हो." घर हसलं. हेही हसले. पण पुढच्या रविवारी हे टेप घेऊन शेडमध्ये गेले आणि मला म्हणाले, "चल, तुझ्या मापाचं काहीतरी बांधू."

मग माझ्या बहिणीच्या लग्नाला आम्ही आठवडाभर गेलो. परत आलो तर कोपऱ्यात तेलाचा डाग तेवढा होता. तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक दारात आलं, त्याला आवडली, दिली. दुसरी बांध, हात थोडेच गेलेत?" पैसे तुम्ही पूर्ण दिलेत. त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती आणि आजही नाही. ह्यांनी काय केलं, ते तुमच्या लक्षातही आलं नसेल. "बरं झालं, कोपरा मोकळा झाला," असं म्हणाले आणि कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली. ती पेन्सिल पुन्हा कानामागे दिसली नाही.

आता तुमच्या फाटकावरची पाटी. "आम्ही स्वतः राहून पाहिल्याशिवाय गाडी देत नाही." खरं आहे. प्रत्येक गाडीत तुम्ही एक दिवस दार लावून राहता, चहा करता, अंघोळ करता, दुपारी लवंडता, आणि काय काय खुपतं ते लिहून काढता. तुमचं नाव त्यावरच झालं आहे. मात्र एका गाडीत तुम्ही राहिला नाहीत. मावत नव्हतात. दारातून डोकं घातलंत, "डबडं आहे," म्हणालात आणि देऊन टाकलीत.

माझ्या अटी अशा. किंमत पूर्ण घ्यायची. छप्पर आहे तिथेच. नकाशात पलंग दोन आहेत म्हणून दोन. साड्यांची काळजी करू नका. आणि गाडी तयार झाली की तुम्ही तिच्यात दार लावून एक पूर्ण दिवस राहायचं. तुम्हाला वाकावं लागेल. वाका. मी पूर्ण किंमत मोजते आहे ती त्यासाठीच.

धाकट्याची बायको


३० एप्रिल

श्रीमती मास्तरीणबाई यांस,

आपले पत्र पोहोचले. चाकं-इंजिनासकट चॅसी आली आहे. सांगाडा उभा केला. छप्पर आपल्या म्हणण्याप्रमाणे.

आता आपण-बिपण राहू दे, मला जमत नाही. उत्तराला दोन महिने लागले कारण तीनदा लिहून फाडलं. जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं गं? धाकट्याला मी अंगाखांद्यावर वाढवलं. धंदा शिकवला. त्याला वाईट वाटलं असतं तर तो मला बोलला असता. तो बोलला नाही, याचा अर्थ त्याला तसं काही वाटलं नव्हतं. तुझ्या मनातलं तू त्याच्या तोंडी घालतेस. गाडी दिली ती तुमच्याच भल्यासाठी. त्या डब्यात कुठेतरी रस्त्याच्या कडेला अडकून पडला असता दोघं.

तुझी जाऊ म्हणाली, "इतकं मनात धरून ठेवणाऱ्या बाईला अन्न पचतं तरी कसं?" मी सांगितलं, विचारून बघतो.

आणि लायसन्सचं काय? की गाडी दारात उभी करून तिच्यात वह्या तपासणार आहेस?

तुझा भावजी


३ जून

भावजी,
सा. न. वि. वि.

जाऊबाईंना सांगा, अन्न उत्तम पचतं. झोपही लागते.

ह्यांना वाईट वाटलं असतं तर ते तुम्हाला बोलले असते, असं तुम्ही लिहिता. तुमच्यासमोर त्या घरात कोण कधी बोललं? मीच एकदा बोलले होते, ओट्याबद्दल. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

लायसन्स मिळालं. पहिल्या खेपेला नापास झाले, गाडी मागे घेताना. शिकवणारा म्हणाला, "मावशी, तुम्ही मागे बघतच नाही." मी म्हटलं, मागे बघण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, फक्त मान वळत नाही. दुसऱ्यांदा पास झाले. सध्या रोज सकाळी तो मला त्याचा जुना टेम्पो चालवायला देतो, कारण उंच बसून चालवायची सवय हवी. पाठीमागे उशी घेते, पाय ब्रेकवर पूर्ण पोचतो. घरात खडूने जमिनीवर गाडीचा आकार आखला आहे, दोन्ही पलंगांसह. स्वयंपाक, वाचन, झोप सगळं त्या चौकटीत करते. घरमालकीण मध्येच आली, म्हणाली, "हे काय, लंगडी खेळता का?" खेळते म्हटलं.

आता मुख्य मुद्दा. परवा मी गाडी बघायला आले. तुम्ही तेवढ्यात कुठेसे गेला होता. लेकीने सगळं दाखवलं. सांगाडा सरळ आहे. पत्रा नीट बसला आहे. पाण्याची टाकी पलंगाखाली, सांडपाण्याची मागे, बरोबर. मग मी ओट्यापाशी उभी राहिले आणि हात ठेवले.

माझे हात खांद्यापर्यंत वर आले, भावजी. तोच ओटा. त्याच घरातला ओटा, तुम्ही माझ्या गाडीत घातलात.

मी सुताराला विचारलं. तो बिचारा म्हणाला, "बाई, इथे सगळे ओटे या काठीनेच कापतात," आणि खिळ्यावरची काठी काढून दाखवली. जाऊबाईंच्या कोपराची खूण असलेली ती काठी. नकाशात उंची लिहिली होती. नकाशा समोर टांगलेला होता. तरी हात काठीकडे गेला.

ओटा मोडा. सोबत एक काठी पाठवते आहे. खूण माझ्या कोपराची आहे. ती खिळ्यावर टांगा, दुसरीच्या शेजारी.

धाकट्याची बायको


१२ जून

मास्तरीणबाई,
आशीर्वाद.

ओटा मोडला. गाडीबाहेर काढून घेतला आणि मीच मोडला, सुताराला हात लावू दिला नाही. मुद्दाम केलं असं समजू नकोस. माझाच हात काठीकडे गेला, सुताराचा नाही. चाळीस वर्षांची सवय आहे. वरचं पॉलिश चांगलं जमलं होतं, तोडताना जिवावर आलं.

नवा तुझ्या काठीने शेडमध्ये जुळवला. इतका खाली की त्याच्यापुढे उभा राहिलो की मला बालवाडीत पालक म्हणून आल्यासारखं वाटतं. तुझी जाऊ येऊन बघून गेली. घरी जाऊन म्हणाली, "आपल्या ओट्यावर तिचे हात कसे पोचायचे?" मी म्हटलं, स्टूल होतं ना. तर ती म्हणाली, "हो, स्टूल होतं." एवढंच. काय ते बायकांचं बायकांना ठाऊक.

आता राहायच्या दिवसाचं. मी गाडीत राहतो ते गिऱ्हाईकाला काय खुपेल हे बघायला. इथे गिऱ्हाईक तू. तुझं माप वेगळं, माझं वेगळं. मी राहून काय कळणार? आमचा रंगारी तुझ्याएवढाच आहे. त्याला ठेवतो एक दिवस. तो सांगेल ते दुरुस्त करतो, मी सही करतो. व्यवहारात इतका ताठा बरा नाही.

तुझा भावजी


१६ जून

भावजी,
सा. न. वि. वि.

ताठा कोणाचा, ते गाडीत शिरल्यावर ठरेल.

पाटीवर "आम्ही स्वतः" असं आहे. "आमचा रंगारी" असं नाही. रंगारी त्या वेळीही होता. माझ्या नवऱ्याला तुम्ही तेच म्हणायचात.

तरीही जबरदस्ती करत नाही. दोन वाटा देते, एक निवडा. एक तर दिवसभर राहा. किंवा पाटीवर खाली एक ओळ वाढवा, तुमच्या हाताने, रस्त्यावरून वाचता येईल अशी : "एक गाडी सोडून." म्हणजे पाटी खरी होईल. मला खोट्या पाटीखालून गाडी बाहेर काढायची नाही.

कुठलंच जमत नसेल तर गाडी ठेवून घ्या. कोणी दारात आलं तर देऊन टाका. तुम्हाला सवय आहे.

धाकट्याची बायको


२८ ऑगस्ट

प्रिय काकू,

बाबांना न सांगता लिहितेय. तुझी गाडी तयार आहे. इतकी सुबक गाडी आमच्याकडून आजवर बाहेर पडली नाही, हे मी ऑफिसातली म्हणून नाही, तुझी पुतणी म्हणून सांगते. प्रत्येक कप्प्याचं दार बाबांनी गाडीबाहेर, टेबलावर स्वतः बसवलं आणि शंभरदा उघडून बघितलं.

पण तू त्यांना त्या दिवसातून सूट दे. त्यांची पाठ पार गेली आहे. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, तुला कळवू नका म्हणाले. डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केली आहे. बूट घालायलासुद्धा आई लागते. आत दिवसभर वाकून राहिले तर ते उठतील की नाही याची मला खात्री नाही.

पाटीचं विचारलं तर आई संतापली. म्हणाली, "चाळीस वर्षांच्या पाटीला काळं फासायचं?" बाबा रोज संध्याकाळी काम सुटल्यावर गाडीच्या दाराशी जातात. आत मात्र जात नाहीत.

काकू, तू मला गणित शिकवलंस तेव्हा बरोबर उत्तर आल्यावर थांबायचीस. इथे थांब ना.

तुझी पुतणी


२ सप्टेंबर

प्रिय पुतणी,
आशीर्वाद.

तुझ्या बाबांना ताठ मान आहे हे मला माहीत होतं. पाठ आहे हे आज कळलं. ऑपरेशनचं वाचून वाईट वाटलं. ते खोटं नाही, पण पुढचं वाच.

उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून थांबता येत नाही. दाराशी जाणं म्हणजे आत जाणं नव्हे. त्या वेळीही ते दारापर्यंतच आले होते.

त्यांना वाकायचं नाही ना? मग वाकू नये. बसावं. टेम्पोवाल्याबरोबर एक पार्सल पाठवते आहे. त्यात एक लाकडी स्टूल आहे. तू ओळखशील, लहानपणी त्याला 'काकूचा घोडा' म्हणायचीस. घर सोडताना मी तेवढं एक बरोबर आणलं होतं. त्याच्यावर चढून मी तुमच्या ओट्याएवढी व्हायची. आता त्याच्यावर बसून त्यांनी माझ्या ओट्याएवढं व्हावं. शिरताना तुम्ही दोघी आधार द्या आणि बाहेर या. दार लावून घ्यायचं. पाठ दुखली तर दार उघडावं आणि पाटी रंगवावी. मार्ग बंद केलेला नाही.

हे पत्र त्यांना वाचून दाखव.

काकू


२१ सप्टेंबर

मास्तरीणबाई,

काल राहिलो. सकाळच्या चहापासून दिवे लागेपर्यंत. रीतीप्रमाणे अहवाल लिहितो.

शिरताना चौकटीला कपाळ आपटलं. ही उणीव समजू नये, तुला लागणार नाही. तुझ्या स्टुलावर बसलो. पहिला तासभर तुला मनात शिव्या घातल्या, त्या लिहीत नाही. मग चहा टाकावासा वाटला. आता उठावं लागणार म्हणून पाठ सावरली, तर उठावं लागलं नाही. बसल्या जागी शेगडी, नळ, चहाचा डबा, कप, सगळं हाताला आलं. हात लांब करायचा की वस्तू तिथे. मला वाटलं योगायोग असेल. मग बटाटे उकडले, अंडं तळलं, भांडी घासली. एकदाही उठलो नाही. मी आजवर शेकडो गाड्या बांधल्या. सगळ्यांत माणूस उभा धरला आहे. दिवसभर काम करून आलेला माणूस बसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दिवसभर काम करायचा तो.

खिडकी मला खाली वाटत होती. बसल्यावर बाहेरचं सगळं दिसलं, शेडचा मागचा कोपराही. डाग अजून आहे. दोनदा फरशी धुतली होती, गेला नाही.

दुपारी पलंगावर आडवा झालो. पाय बाहेर आले, ते चालायचंच. दोन पलंगांमध्ये जागा फार थोडी सोडली आहे असं मला बांधताना वाटत होतं, आणि तुला न विचारता तीन बोटं वाढवावीत असंही मनात आलं होतं. वाढवली नाहीत. आडवं पडून कळलं. इकडच्याने हात लांबवला तर तिकडच्याच्या हातात कप देता येतो, कुणी न उठता. तेवढंच अंतर आहे ते. बरोबर तेवढंच.

उणीव एकही सापडली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा अहवालाचा कागद कोरा गेला.

त्या वेळी आत येऊन बसलो असतो तर दिली नसती. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पाठ भयंकर दुखते आहे. तुला ऐकून बरं वाटेल.

गाडी न्यायला येशील तेव्हा मला फाटकापर्यंत तरी बसव. बाहेर उतरीन. दुसरा पलंग मोकळाच आहे.

भावजी


२६ सप्टेंबर

भावजी,
सा. न. वि. वि.

हो, बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? पत्र दोनदा वाचलं. चौकटीला कपाळ आपटलं तो भाग तीनदा. पाठीला रोज शेक द्या, आणि हे मी मनापासून लिहिते आहे, दोन्ही गोष्टी एका माणसाच्या मनात राहू शकतात.

ठरल्याप्रमाणे तुम्ही राहिलात. पाटीवरच्या ओळीची आता गरज नाही. मी दिलेल्या शब्दाला जागते. ती पहिली गाडी मात्र कुठल्यातरी रस्त्यावर अजून असेल, किंवा भंगारात. तिच्यात तुम्ही राहिला नाहीत, ते तसंच राहील. त्याला माझ्याकडे उपाय नाही आणि तुमच्याकडेही.

फाटकापर्यंत बसवणार नाही. दुसरा पलंग रिकामा आहे, मोकळा नाही.

स्टूल मला परत नको. कारखान्यात ठेवा. कधीतरी कोणी बुटकं माणूस कामाला येईल, आणि तुमच्याकडे उंची कोणासाठी बदलत नाही.

सहा तारखेला सकाळी येते.

धाकट्याची बायको


६ ऑक्टोबर
गाडी देण्या-घेण्याची नोंद, घेणारीने स्वतः तपासून केलेली

गाडी एक. किल्ल्या दोन जोड. कागदपत्रं, पुतणीने क्रमाने लावलेली.

पाण्याच्या टाक्या दोन, भरून पाहिल्या, गळत नाहीत. गॅसची नळी साबणाचं पाणी लावून पाहिली, बुडबुडा आला नाही. हँडब्रेक उतारावर लावून पाहिला, धरतो.

छप्पर : नकाशाप्रमाणे. उभी राहिले. डोक्यावर चार बोटं जागा उरते.

ओटा : हात ठेवले. कोपर सैल राहतं.

पलंग दोन. डावीकडच्यावर माझी पिशवी ठेवली. उजवीकडच्यावर काही ठेवलं नाही.

माझी काठी परत मागितली, तेव्हा भावजींनी ती कारखान्याला हवी म्हणून सांगितलं. खिळ्यावर आहे, दुसरीच्या शेजारी. राहू दिली.

जाऊबाई भेटल्या. म्हणाल्या, "सायकल नाही आली, थेट हीच आली हो." मग त्यांनी ओट्यावर हात ठेवून पाहिले आणि त्यांना वाकावं लागलं. "असं होतं होय," म्हणाल्या.

पाटी : फाटकातून आत शिरतानाच पाहिली. जुन्या ओळीखाली पांढऱ्या रंगात नवी ओळ आहे, "एक गाडी सोडून". गरज नाही असं मी कळवलं होतं. पत्र पोचलं होतं, पुतणीने सांगितलं. अक्षर वेडंवाकडं आहे, शेवटचा शब्द खाली घसरला आहे. रंगाऱ्याचं नाही. पाटी उंच आहे. भावजींचाही हात तिथे जमिनीवरून पोचत नाही.

भावजींनी सही केली. उभ्याने, गाडीच्या बाहेर. फाटकापर्यंत पुढे चालत आले आणि फाटक उघडून धरलं.

स्टूल एक, लाकडी, जुनं. कारखान्यात ठेवायला सांगितलं होतं, ते बाहेर पडताना फाटकाशी पाटीखाली ठेवलेलं दिसलं. वरच्या फळीवर पांढऱ्या रंगाचे थेंब, आणि मधोमध दोन मोठ्या पावलांचे ठसे. गाडी थांबवून उतरले. पुसले नाहीत. परत घेतलं.